फिलिपिना ब्लॉगरची संमेलनवारी: निमंत्रणापासून बीजकापर्यंत

फिलिपिन्समध्ये ब्लॉग लिहिणाऱ्यांनी प्रत्यक्ष एकत्र जमण्याची प्रथा आता चांगलीच जुनी झाली आहे. २००५ मध्ये केसोन सिटीतील फिलिपिन्स विद्यापीठाच्या दिलिमान परिसरात, विधी महाविद्यालयाच्या सभागृहात, जॅनेट तोराल यांच्या पुढाकाराने ‘आयब्लॉग’ ही परिषद भरली. २००७ मध्ये दावाओला मिंडानाओ या दक्षिणेकडच्या बेटावरील ब्लॉगरांचे संमेलन झाले आणि २००८ च्या सप्टेंबरमध्ये मनिलात झालेल्या वर्डकॅम्पला, म्हणजे वर्डप्रेस ही ब्लॉगप्रणाली वापरणाऱ्यांच्या मेळाव्याला, तिचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग स्वतः हजर होते. प्रवासलेखकांची ‘टीबेक्स’ परिषद २०१६ मध्ये मनिलात आली, तर २०२५ च्या फेब्रुवारीत २० ते २२ या तीन दिवसांत ‘वर्डकॅम्प आशिया’ मनिलाच्या पीआयसीसी या आंतरराष्ट्रीय परिषद संकुलात पार पडले. त्याच मेळाव्याच्या समारोपात पुढच्या वर्षीच्या, म्हणजे २०२६ च्या यजमानपदासाठी मुंबईचे नाव जाहीर झाले, त्यामुळे मराठी ब्लॉगविश्वाची आणि या मंडळींची गाठ पडणे आता केवळ योगायोगाची गोष्ट राहिलेली नाही.

या सगळ्या गर्दीत स्त्रियांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी असते. घरसंसार, बालसंगोपन, खाद्यपदार्थ, प्रवास, सौंदर्यप्रसाधने आणि घरखर्चाचे नियोजन या विषयांवरचे फिलिपिनो ब्लॉग मोठ्या प्रमाणावर स्त्रियाच चालवतात आणि मेळाव्यांना कसे जायचे, तिथे काय करायचे आणि काय टाळायचे याचे व्यावहारिक शहाणपण त्यांच्याकडे भरपूर आहे. पुढील मजकुरात ‘तुम्ही’ म्हणून संबोधलेली व्यक्ती ही मनिला, सेबू किंवा दावाओहून लिहिणारी फिलिपिना ब्लॉगर आहे. नोकरी, शिक्षण किंवा लग्नाच्या निमित्ताने तिथे स्थायिक झालेल्या मराठी लेखिकेलाही यातले बहुतेक सगळे जसेच्या तसे लागू पडेल.

सर्वांत आधी: खर्च कोण करत आहे?

निमंत्रण हाती आले की विषय, ठिकाण आणि वक्त्यांची नावे पाहण्याआधी हा एकच प्रश्न विचारावा, कारण त्याच्या उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून असते. फिलिपिन्समधील मेळावे ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार समुदायाने स्वतः भरवलेल्या परिषदांचा. यात वर्डकॅम्प, वर्डप्रेसच्या मासिक बैठका आणि प्रांतोप्रांतीच्या ब्लॉगर संघटनांची संमेलने येतात. येथे तिकीट असले तरी ते बेताचे असते, प्रायोजक असले तरी कार्यक्रम त्यांच्या ताब्यात नसतो आणि तुम्ही काही लिहावे अशी कुणाचीही अपेक्षा नसते. दुसरा प्रकार एखाद्या कंपनीने किंवा तिच्या जनसंपर्क संस्थेने भरवलेल्या कार्यक्रमांचा. नवे उत्पादन बाजारात येते, एखाद्या मॉलमधले उपाहारगृह उघडते, हॉटेलला आपल्या नव्या खोल्या दाखवायच्या असतात, आणि त्यासाठी ब्लॉगरांना बोलावले जाते. येथे जेवण, भेटवस्तूंची पिशवी आणि कधीकधी मानधनही मिळते. पण त्या बदल्यात लेख, छायाचित्रे आणि ठरावीक हॅशटॅग अपेक्षित असतात. तिसरा प्रकार म्हणजे ब्लॉगरांनी आपापसांत ठरवलेली भेट. हिला तिथे ‘आयबॉल’ किंवा नुसते ‘ईबी’ म्हणतात आणि तिचा खर्च ‘केकेबी’ पद्धतीने, म्हणजे आपल्याकडच्या टीटीएमएमप्रमाणे, ज्याचा त्याने करायचा असतो. हल्ली बिल एकीने भरायचे आणि बाकीच्यांनी तिला जीकॅश या फोनवरच्या पाकिटात पैसे पाठवायचे अशी रीत पडली आहे.

नवख्या ब्लॉगरची फसगत होते ती दुसऱ्या प्रकाराला पहिला समजण्यात. ‘ब्लॉगर्स कॉन्फरन्स’ असे भारदस्त नाव असलेला कार्यक्रम प्रत्यक्षात एका शाम्पूची तीन तासांची जाहिरात निघू शकतो. त्यात गैर काही नाही, मात्र आपण शिकायला जात आहोत की कामाला जात आहोत, हे घरातून निघण्याआधीच माहीत असावे. निमंत्रणात आयोजकाचे नाव स्पष्ट नसेल, तर उलट संदेश पाठवून ते विचारून घेण्यात कसलाही संकोच बाळगू नये.

निवड आणि होकार

पहिल्या वर्षी मोठ्या परिषदेपेक्षा गावातली छोटी बैठक निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वीस-पंचवीस जणांच्या खोलीत प्रत्येकाला स्वतःची ओळख करून द्यावी लागते आणि एकदा तोंडओळख झाली की मोठ्या सभागृहात तुम्ही एकट्या पडत नाही. दुसरा चांगला मार्ग स्वयंसेवकाचा आहे. वर्डकॅम्पसारख्या मेळाव्यांत नोंदणी टेबल, सभागृहातील वेळेची नोंद, वक्त्यांना माइक लावणे अशी कामे स्वयंसेवक करतात आणि त्यांना तिकीट पडत नाही. प्रवास आणि मुक्काम मात्र स्वयंसेवकांनी आणि वक्त्यांनीही पदरमोड करूनच करायचा असतो. लाजाळू माणसाला हे काम फार सोयीचे पडते, कारण हाती काम असले की अनोळखी माणसाशी काय बोलायचे हा प्रश्नच उरत नाही.

दिवस निवडताना हवामानाचाही विचार करावा लागतो. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा आणि ‘हाबागात’ नावाच्या नैऋत्य मोसमी पावसाचा काळ आहे. हवामान खाते, म्हणजे ‘पागासा’, वादळाच्या वाऱ्यासाठी १ ते ५ क्रमांकांचे इशारे देते आणि मेट्रो मनिलात, म्हणजे राजधानी व तिच्या आसपासच्या शहरांत, रस्ते तुंबायला अनेकदा वादळाचीही गरज पडत नाही. दुसऱ्या बेटावरून विमानाने किंवा बोटीने येणार असाल, तर या महिन्यांत परिषदेच्या आदल्या दिवशी सकाळीच पोहोचेल असे तिकीट काढावे. बोटी तर इशारा लागताच बंदरात थांबवल्या जातात.

होकार दिलात की तो पाळावा. कंपनीच्या कार्यक्रमात खुर्च्या, जेवणाची पाकिटे आणि भेटपिशव्या मोजून ठेवलेल्या असतात आणि न कळवता गैरहजर राहणाऱ्याचे नाव पुढच्या यादीतून मुकाट्याने गळते. येणे शक्य नसेल तर ‘सलामात पो सा इन्व्हाइट, पास पो मुना आको’ एवढा संदेश पुरतो, म्हणजे निमंत्रणाबद्दल आभार, या वेळी मला जमणार नाही. यातला ‘पो’ हा आदरार्थी शब्द गाळू नये. बरोबर मैत्रिणीला किंवा मुलाला आणायचे असेल तर आधी विचारावे. बिनबोलावता येऊन भेटपिशव्यांच्या टेबलाभोवती घोटाळणाऱ्या मंडळींबद्दल तिथल्या जनसंपर्क वर्तुळात बरेच तिखट बोलले जाते आणि तुमच्याबरोबर आलेली अनाहूत मैत्रीणही त्याच हिशेबात धरली जाते.

आदल्या दिवशीची तयारी

तयारीची यादी लांबवण्यात अर्थ नाही. व्हिजिटिंग कार्डावर ब्लॉगचे नाव, पत्ता, ईमेल आणि विषय एवढेच असावे. घरचा पत्ता आणि खासगी मोबाइल क्रमांक छापू नये. कामासाठी वेगळे सिमकार्ड ठेवणाऱ्या अनेक जणी आहेत आणि ती सवय उत्तम आहे. ब्लॉगची वाचकसंख्या, वाचकांचे वय आणि प्रांत, आणि पूर्वी केलेली कामे यांचे एकपानी माहितीपत्रक, ज्याला सगळे ‘मीडिया किट’ म्हणतात, फोनमध्ये तयार असावे. त्यातले आकडे खरे असावेत, कारण ते ताडून पाहण्याची साधने जनसंपर्क संस्थांकडे असतात आणि फुगवलेल्या आकड्यांचा बोभाटा व्हायला वेळ लागत नाही.

कपड्यांबाबत निमंत्रणातली सूचना गांभीर्याने घ्यावी. कंपनीच्या कार्यक्रमात रंग ठरवून दिलेला असतो आणि ‘बेस्ट ड्रेस्ड’ म्हणून बक्षीसही असते. समुदायाच्या परिषदेत मात्र जीन्स आणि टीशर्ट चालतो. दोन्हीकडे एक शाल किंवा जॅकेट लागतेच, कारण बाहेर घामाच्या धारा आणि आत वातानुकूलनाचा कडाका, हा तिथल्या सभागृहांचा नेहमीचा अनुभव आहे. भारतातून गेलेल्या मराठी लेखिकेने प्लगचा जोड बरोबर ठेवावा. विजेचा दाब भारताइतकाच, २२० व्होल्टच्या आसपास असला तरी तिथे बहुतेक ठिकाणी दोन चपट्या पट्ट्यांचे प्लग चालतात.

जेवणाचे आधी सांगून ठेवावे. परिषदेचे जेवण म्हणजे बहुधा खोक्यातला भात आणि कोंबडी किंवा डुकराचे मांस. मिंडानाओहून आलेल्या मुस्लिम लेखिका हलालची चौकशी नोंदणी करतानाच करतात आणि शाकाहारी माणसाने त्यांचाच कित्ता गिरवावा. नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही, कारण भाजीत बागूंग नावाची माशांची किंवा कोळंबीची आंबवलेली चटणी अथवा पातीस हा माशांचा रस घालणे तिथे मीठ घालण्याइतके स्वाभाविक मानले जाते. ‘वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग बागूंग’, म्हणजे मांस नको, मासे नको, बागूंग नको, असे तपशीलवार लिहून द्यावे आणि तरीही पिशवीत शेंगदाणे व केळी ठेवावीत.

जाणे आणि येणे

मेट्रो मनिलात अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नसतो. केसोन सिटीहून पासायला जाताना संध्याकाळी एड्सा या हमरस्त्यावर अडकलात की कार्यक्रम अर्धा संपलेला असतो. म्हणून शक्य तिथे रेल्वे धरावी. एमआरटी-३ या शहरी रेल्वेमार्गावरील गाडीचा पुढचा भाग स्त्रिया, ज्येष्ठ, गर्भवती आणि अपंग प्रवाशांसाठी राखीव असतो. टाफ्ट अव्हेन्यू स्थानकावर उतरून पादचारी पुलावरून एलआरटी-१ या दुसऱ्या मार्गाच्या एड्सा स्थानकात जाता येते आणि तिथून व्हिटो क्रूझ हे पीआयसीसीसाठीचे सोयीचे स्थानक आहे. रेल्वेच्या ‘बीप’ कार्डात आदल्या दिवशीच पैसे भरून ठेवावेत, कारण सकाळच्या तिकीट रांगेत हमखास वेळ जातो. दिलिमान परिसरात पोहोचल्यावर आत फिरण्यासाठी ‘इकोत’ आणि ‘तोकी’ या दोन जीपनी, म्हणजे शेअर जीपसारख्या गाड्या, आहेत. एक परिसराला एका दिशेने फेरी घालते आणि दुसरी उलट दिशेने, तेव्हा चढण्यापूर्वी पाटी वाचावी.

परतीचा विचार जातानाच करावा. कंपनीचे कार्यक्रम संध्याकाळी असतात, उशिरा सुरू होतात आणि सोडतीच्या आशेने लोकांना अखेरपर्यंत थांबवून ठेवतात. रात्रीच्या शेवटच्या गाडीची वेळ पाहून ठेवावी, ग्रॅब ही ॲपवरची टॅक्सी बोलावल्यास प्रवासाचा दुवा घरी पाठवावा आणि एकाच दिशेच्या दोघी-तिघींनी मिळून एक गाडी करावी. ओळख झालेल्या पहिल्याच संध्याकाळी कुणी घरी सोडण्याचा आग्रह धरला, तर नम्रपणे नकार देण्यात कुणाचाही अपमान होत नाही.

नोंदणी टेबलापाशी

हे टेबल नीट समजून घेतले की अर्धे काम होते. सहसा दोन याद्या ठेवलेल्या असतात: एक वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीच्या प्रतिनिधींची, दुसरी ब्लॉगर आणि समाजमाध्यमांवरील मंडळींची. तुमचे नाव चुकून पहिल्या यादीत असेल तर ते सांगून दुरुस्त करून घ्यावे, कारण वार्ताहराचा मान आणि ब्लॉगरचा करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग सहीच्या कागदावर नाव, ब्लॉगचा पत्ता, अनुयायांची संख्या, मोबाइल, ईमेल आणि सही असे रकाने येतात. हा कागद सगळ्यांसमोर उघडा पडलेला असतो आणि तुमच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या कुणालाही त्याचे छायाचित्र घेता येते. २०१२ चा माहिती गोपनीयता कायदा, म्हणजे रिपब्लिक ॲक्ट १०१७३, असे सांगतो की माहिती कशासाठी घेतली जात आहे हे ती देणाऱ्याला कळले पाहिजे. त्यामुळे मोबाइलचा रकाना रिकामा ठेवून ‘ईमेलवर कळवावे’ असे लिहिणे पूर्णपणे रास्त आहे. सही झाली की हातात गळ्यात अडकवण्याचे ओळखपत्र आणि सोडतीची चिठ्ठी पडते. चिठ्ठीचा अर्धा भाग फाडून खोक्यात टाकायचा आणि उरलेला अर्धा जपून ठेवायचा. मोठे बक्षीस बहुतेक वेळा सर्वांत शेवटी काढले जाते.

सहीच्या वेळी टेबलावरच्या मुलीला तिचे नाव विचारावे. पुढच्या वर्षी तीच मुलगी त्या संस्थेत निमंत्रणांची यादी करत असण्याची शक्यता बरीच असते.

आत गेल्यावर

कार्यक्रमाची सुरुवात अनेकदा प्रार्थनेने आणि ‘लुपांग हिनिरांग’ या राष्ट्रगीताने होते; तेव्हा उभे राहायचे आणि फोन खाली ठेवायचा. त्यानंतर निवेदक लोकांना खेळ खेळायला लावतो. महाराष्ट्रातल्या सभांची सवय असलेल्या माणसाला हा प्रकार पोरकट वाटू शकतो, पण त्यात भाग घेणे फायद्याचे असते, कारण पुढच्या दोन तासांत ज्यांच्याशी बोलायचे आहे त्यांची नावे तिथेच कळतात. वयाने मोठ्या स्त्रीला ‘आते’ आणि पुरुषाला ‘कुया’ म्हणावे, म्हणजे आपल्याकडचे ताई आणि दादा. कंपनीच्या अधिकाऱ्यांना मात्र ‘मॅम’ आणि ‘सर’. गालाला गाल लावून अभिवादन करण्याची ‘बेसो’ नावाची पद्धत ओळखीच्या स्त्रियांमध्ये रूढ आहे. पहिल्या भेटीत समोरची पुढे झाली तरच करावी, नाहीतर हसून मान लववली तरी चालते. भाषणे बहुधा टागालोग आणि इंग्रजीच्या मिश्रणात होतात. सेबू आणि दावाओमध्ये मात्र सेबुआनो किंवा इंग्रजीत बोललेले लोकांना अधिक आवडते.

सत्रांपैकी दोन किंवा तीनच निवडावीत आणि उरलेला वेळ बाहेरच्या मोकळ्या जागेसाठी ठेवावा. साहित्य संमेलनाला जाणारा जाणता वाचक जसा परिसंवाद अर्धवट सोडून ग्रंथप्रदर्शनात आणि चहाच्या टपरीवर सापडतो, तसेच हे आहे. भाषणांची चित्रफीत पुढे बहुधा मिळते. पण संध्याकाळच्या ‘मेरियेंदा’ला, म्हणजे खाण्याच्या सुट्टीत, एखादी अनुभवी लेखिका अमुक संस्था मानधन सहा महिने लांबवते असे हळूच सांगते, ते कुठेही चित्रित होत नाही. वर्डकॅम्प आशियामध्ये पहिला दिवस योगदानाचा, म्हणजे वर्डप्रेससाठी स्वतः काही काम करण्याचा, असतो आणि तो चुकवू नये. भाषांतराच्या टेबलावर टागालोग आणि सेबुआनो भाषांतर करणाऱ्या मंडळींना नवे हात हवेच असतात. वर्डप्रेसची मराठी आवृत्तीही अशाच स्वयंसेवकांच्या जोरावर चालते. संगणकाची भाषा न येणारी लेखिका तिथे पहिल्याच तासात उपयोगी पडू शकते आणि ही ओळख व्हिजिटिंग कार्डापेक्षा टिकाऊ असते.

समूह छायाचित्राला थांबावे. आधी सरळ उभे राहून दोन चित्रे होतात आणि मग कुणीतरी ‘वॅकी!’ असे ओरडते, त्याबरोबर आजी वयाच्या स्त्रियांपासून कंपनीच्या व्यवस्थापकापर्यंत सगळे जीभ बाहेर काढून वेडेवाकडे हातवारे करतात. या एका चित्राबाहेर राहिलेली व्यक्ती उगाचच ताठ वाटते. दुसऱ्यांची लहान मुले मात्र आईला विचारल्याशिवाय टिपू नयेत, आणि ब्लॉगर आईची मुले तिच्या स्वतःच्या ब्लॉगवर दिसतात म्हणून ती तुमच्याही ब्लॉगवर चालतील असे गृहीत धरू नये.

कंपनीच्या प्रतिनिधीशी बोलताना

फिलिपिनो समाजात तोंडावर नकार देणे अवघड मानले जाते आणि स्त्रीने पैशाचा विषय काढणे त्याहून अवघड. याचा परिणाम असा की ‘एक्स-डील’, म्हणजे वस्तूच्या बदल्यात लेख, या नावाखाली पुष्कळ काम फुकटात होते. एक्स-डील सरसकट वाईट नाही. ज्या हॉटेलात तुम्ही पदरच्या पैशाने राहिलाच असता तिथली दोन रात्रींची खोली हा न्याय्य मोबदला असू शकतो. मात्र दोनशे पेसोंच्या साबणासाठी लेख, पाच चित्रे आणि एक चित्रफीत मागणाऱ्याला नाही म्हणता आले पाहिजे. त्यासाठी दर तिथल्या तिथे तोंडी सांगू नये. ‘माझे दरपत्रक उद्या ईमेलने पाठवते, आपल्याला नेमके किती लेख आणि चित्रे हवी आहेत ते कळवा’ असे म्हणून विषय लेखी वाटेवर आणावा. त्या ईमेलमध्ये कामाचे स्वरूप, मुदत, दुरुस्त्या किती वेळा, छायाचित्रे कंपनीने कुठे आणि किती काळ वापरायची, आणि पैसे किती दिवसांत मिळणार हे पाच मुद्दे असावेत. यातला चौथा मुद्दा बहुतेक जणी विसरतात आणि मग स्वतःचा चेहरा मॉलच्या फलकावर पाहून चकित होतात.

नको त्या प्रसंगी

एप्रिल २०१९ मध्ये संमत झालेला सेफ स्पेसेस ॲक्ट, क्रमांक ११३१३, लोकांच्या तोंडी ‘बावाल बास्तोस’ कायदा म्हणून ओळखला जातो. रस्ते, उपाहारगृहे, सार्वजनिक वाहने, कामाची जागा आणि इंटरनेट या सगळ्या ठिकाणच्या लैंगिक छळाला तो लागू होतो. शरीरावरचे शेरे, पाठलाग आणि नको असलेले अश्लील संदेशही त्यात येतात. परिषदेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की सभागृहातला प्रसंग आणि त्यानंतर रात्री इनबॉक्समध्ये आलेला संदेश, दोन्हींची तक्रार करता येते. वर्डकॅम्पसारख्या मेळाव्यांची आचारसंहिता ठरलेली असते आणि तक्रार कुणाकडे करायची ते तिच्यात लिहिलेले असते. ते नाव सकाळीच पाहून ठेवावे. संदेशांची चित्रे वेळेसकट जतन करावीत आणि ती होईपर्यंत समोरच्याला ब्लॉक करू नये. प्रकरण पुढे न्यायचे झाल्यास पोलीस ठाण्यांत स्त्रिया आणि मुलांसाठी स्वतंत्र कक्ष असतो. मुक्कामाच्या हॉटेलचे नाव, मजला किंवा खिडकीतून दिसणारे दृश्य तिथून निघाल्यावरच प्रसिद्ध करावे.

परदेशातील परिषद

आग्नेय आशियातील परिषदेला जाणे फिलिपिनो पारपत्रावर फारसे कठीण नाही, थायलंडसारख्या शेजाऱ्यांकडे व्हिसाही लागत नाही. खरी परीक्षा मनिलाच्या विमानतळावर असते. मानवी तस्करी रोखण्यासाठी इमिग्रेशनचे अधिकारी बाहेर जाणाऱ्या प्रवाशांना प्रश्न विचारतात आणि उत्तरे पटली नाहीत तर प्रवास थांबवतात. याला तिथे ‘ऑफलोड’ होणे म्हणतात. एकटीने प्रथमच परदेशी निघालेल्या तरुण स्त्रीला ही धास्ती अधिक असते. ‘मी ब्लॉगर आहे’ हे उत्तर अधिकाऱ्याला पुरेसे वाटेलच असे नाही. म्हणून परतीचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण, परिषदेचे तिकीट, आयोजकांचे पत्र, नोकरीचा दाखला किंवा व्यवसाय आणि कर नोंदणीचे कागद, आणि बँकेचा उतारा हे सगळे छापील स्वरूपात हाताशी असावे. प्रवासाचा खर्च दुसरे कुणी करत असेल तर त्या व्यक्तीशी किंवा कंपनीशी असलेला संबंध कागदावर दाखवता आला पाहिजे. निघण्यापूर्वी ७२ तासांच्या आत ‘ई-ट्रॅव्हल’ ही सरकारी नोंदणी करायची असते. ती विनाशुल्क आहे, तेव्हा तिच्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ खोटे समजावे.

मुंबईच्या परिषदेसाठी निघणारीने व्हिसाचा प्रकार आयोजकांना विचारून ठरवावा, कारण पर्यटनाचा आणि परिषदेचा व्हिसा यांत भारत फरक करतो. वर्डकॅम्प आशियाचे २०२६ चे ठिकाण वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर, तारखा ९ ते ११ एप्रिल. म्हणजे मनिलाच्या उन्हाळ्याची सवय असलेल्यांनाही घाम फोडणारे दिवस. मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचे बीकेसी स्थानक या भागात आहे, आणि एमआरटीच्या राखीव डब्यातून रोज जाणाऱ्या मनिलाच्या लेखिकेला लोकलचा महिला डबा नवा वाटणार नाही. त्यातली गर्दी मात्र वाटेल. यजमान मराठी मंडळींनीही एवढे लक्षात ठेवावे की पाहुणी घरच्यांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी ‘पासालुबोंग’, म्हणजे प्रवासाची भेट, घेतल्याशिवाय परतत नाही. तिला शेवटच्या दिवशी दादर बाजारात नेले तर ती दुवा देईल.

परतल्यानंतर: लेख, कायदा आणि कर

भेटलेल्या माणसांना दोन दिवसांत एखादी ओळ लिहावी आणि तिच्यात त्या संभाषणातला एक नेमका संदर्भ असावा. कंपनीच्या कार्यक्रमाचा लेख ठरलेल्या मुदतीत द्यावा आणि निमंत्रण, वस्तू किंवा पैसे मिळाले असल्यास ते लेखाच्या सुरुवातीलाच सांगावे. तळाला बारीक अक्षरांत दडवलेला खुलासा वाचकाला अधिक खटकतो.

कडक शब्दांत लिहायचे असेल तर २०१२ च्या सायबर गुन्हे प्रतिबंधक कायद्याची, क्रमांक १०१७५ ची, आठवण ठेवावी. फिलिपिन्समध्ये बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे आणि ती इंटरनेटवर केल्यास शिक्षा एक पायरी वाढते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ही तरतूद मूळ लेखकापुरती वैध ठरवली. नुसते पसंत करणारा किंवा पुढे पाठवणारा त्यात येत नाही. थोडक्यात, जबाबदारी तुमच्यावर येते, टाळ्या वाजवणाऱ्यांवर नाही. म्हणून ‘ही मंडळी लुटारू आहेत’ असे न लिहिता ‘कार्यक्रम दोन वाजता सुरू होणार होता, तो पावणेचारला सुरू झाला आणि जेवण साठ जणांना पुरले नाही’ असे लिहावे, आणि त्याची छायाचित्रे वेळेसकट ठेवावीत.

शेवटी कर, ज्याकडे उत्साहाच्या भरात दुर्लक्ष होते. महसूल खात्याने, म्हणजे बीआयआरने, २०२१ च्या परिपत्रक ९७ मध्ये समाजमाध्यमांवरून कमाई करणाऱ्यांना स्वयंरोजगारी करदाते मानले असून ब्लॉगरही त्यात येतात. लेखाच्या मोबदल्यात मिळालेली वस्तूही तिच्या बाजारभावाने उत्पन्नात धरायची आहे. सोडतीत लागलेले बक्षीस वेगळे, पण एक्स-डीलचा फोन म्हणजे मिळकतच. वर्षाची एकूण जमा ३० लाख पेसोंच्या आत असलेल्या स्वयंरोजगारी व्यक्तीला २,५०,००० पेसोंच्या वरील रकमेवर सरसकट ८ टक्के कराचा पर्याय घेता येतो आणि हिशेबाला तो सर्वांत सोपा आहे. मानधनासाठी कंपनी बीजक मागेल. कर कापून पैसे दिले असतील तर त्यांच्याकडून २३०७ क्रमांकाचा दाखला न विसरता घ्यावा, कारण वर्षाअखेरीस कापलेला कर वळता करून घ्यायचा तो त्याच कागदावर. हा दाखला देण्यात काही कंपन्या टाळाटाळ करतात, तेव्हा तिमाही संपताच लेखी आठवण करावी आणि कार्यक्रमाचे निमंत्रण, ईमेलने ठरलेल्या अटी, बीजक आणि दाखला असे चारही कागद एकाच पाकिटात, तारखेप्रमाणे लावून ठेवावेत.